एकशे तेरावी ओळ

बाबा गेले त्या दिवशी आमच्या जिन्याखालच्या फळ्यावर चिठ्ठी लागायला संध्याकाळ झाली. एरवी माणूस गेल्यावर तासाभरात ती लागते. त्या दिवशी उशीर झाला, कारण ती चिठ्ठी लिहिणारी मीच होते आणि मी हॉस्पिटलच्या बाकावर बसले होते.

आमची कॉलनी मुलुंडची. बाबा ज्या कारखान्यात टर्नर होते त्या कारखान्याने कामगारांसाठी बांधलेली. चार इमारती, एकशे बारा खोल्या. कारखाना बंद पडला, यंत्रं भंगारात गेली, जमीन विकली गेली आणि तिच्यावर उंच टॉवर उभे राहिले. आमच्या इमारती तेवढ्या राहिल्या. आज ना उद्या त्या पाडणार हे सगळ्यांना माहीत आहे. प्रश्न एवढाच, की पाडल्यावर आम्ही कुठे जायचं. समोरच्या टॉवरमधलं सगळ्यांत लहान घरसुद्धा आमच्यातल्या कुणाला जन्मभर कमावून घेता आलं नसतं.

कॉलनीत एक पद्धत आहे. ज्या घरात माणूस जातं, तिथे दहा दिवस चूल पेटत नाही. दोन्ही वेळचं जेवण शेजारून येतं. कुणी कधी द्यायचं यावरून गोंधळ नको म्हणून त्या घराच्या पुढच्या नंबरापासून पाळी लागते. तेराव्या खोलीत कुणी गेलं तर पहिल्या दिवशी सकाळचं चौदामधून, संध्याकाळचं पंधरामधून, दुसऱ्या दिवशी सोळा-सतरा, असं दहा दिवस. त्याची चिठ्ठी फळ्यावर लागते. माझं अक्षर चांगलं म्हणून आठवीत असताना ते काम माझ्याकडे आलं, ते मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला लागले तरी सुटलं नाही. माणूस गेल्याचं कळलं की मी आधी कागद घ्यायचे, मग रडायचं असलं तर रडायचे.

आमच्या वेळची चिठ्ठी काकांनी लिहिली. काका म्हणजे बाबांबरोबर तीस वर्षं एकाच शेडमध्ये काम केलेले फिटर. आमच्या रहिवासी मंडळात बाबा सचिव आणि काका खजिनदार. सख्खे नव्हेत, पण मी जन्मल्यापासून काकाच. त्यांनी जाड स्केचपेनने 'खोली ३९ सकाळ, खोली ४० संध्याकाळ' इथपासून दहा दिवसांची पाळी लिहून फळ्यावर टाचणी मारली. आमची खोली अडतीस.

पाळीप्रमाणे डबे येत राहिले. पण पहिल्या दिवसापासून आणखी एक डबा यायचा, अकराच्या सुमारास, पाळीबाहेरचा. तो मावशी आणायची.

मावशी कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करायची. कारखान्याची नव्हे, कँटीनच्या कंत्राटदाराची बाई. तिचा नवराही कंत्राटदाराकडेच होता. कॉलनीचा पाण्याचा पंप पहाटे चालू करायला कुणीतरी जवळ हवं, म्हणून त्या दोघांना पंपाशेजारची खोली दिली होती. नवरा गेला, कँटीन बंद झालं, कारखाना गेला, मावशी त्या खोलीतच राहिली. पंप अजून तीच चालू करते. एकशे बारा घरांच्या नळांना सकाळी पाणी येतं ते तिच्या हाताने. त्या खोलीला नंबर नाही.

"दोन घास खा गो," ती डबा उघडून माझ्यासमोर बसायची. "उपाशी रवान गेलेलो मानूस परत येणा नाय."

मी खायचे. पाळीचं जेवण चांगलंच असायचं, पण माझ्या घशाखाली उतरायचं ते मावशीचं कुळथाचं पिठलं आणि भात. का ते मी तेव्हा विचारलं नाही स्वतःला.

बाबा जाण्याच्या महिनाभर आधी एक पत्र आलं होतं. कामगार कायदे आणि कामगारांना परवडणारी घरं या विषयाचा विचार करणारी संसदेची एक समिती मुंबईत येणार होती. ज्या संघटनांनी निवेदनं पाठवली होती त्यांतल्या काहींना ती भेटणार होती. आमच्या मंडळाला दहा मिनिटं मिळाली होती. दोन प्रतिनिधी, अंधेरीला, विमानतळाजवळच्या एका हॉटेलच्या सभागृहात. बाबांनी ते पत्र तीनदा मोठ्याने वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना चष्मा काढून पुसला. बंद कारखान्यांच्या वसाहतीतल्या कामगारांना त्याच जागी, त्यांना झेपेल अशा किमतीत घर मिळावं, अशी तरतूद कायद्यात व्हावी, एवढंच निवेदनाचं म्हणणं होतं. सात पानं आणि सोबत यादी. बाबांनी चार महिने खपून ते लिहिलं होतं.

भेटीची तारीख बाबा गेल्याच्या नवव्या दिवशी येत होती.

पाचव्या दिवशी काका आले. दाराशी चपला काढून बराच वेळ भिंतीवरच्या बाबांच्या फोटोकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "तुला यावं लागेल."

"काका, सुतक आहे."

"दिल्लीला सुतक नसतं. दहा मिनिटं परत मिळायची नाहीत." ते खाली बसले. "मी वाचायला गेलो तर दुसऱ्या पानावर अडकीन. तुझा बाप गेला तरी त्याचं लिहिलेलं आहे ना. तू वाच. सुरुवातीलाच सांग, वडील गेले, आज नववा दिवस आहे."

"ते कशाला सांगायचं?"

"ऐकतील म्हणून. भाबडी आहेस तू. रोज वीस माणसं येतात त्यांच्यासमोर, सगळ्यांचं सारखंच रडगाणं. त्यांना एक चेहरा लक्षात राहिला पाहिजे."

मला ते आवडलं नाही, पण मी हो म्हटलं. बाबांसाठी म्हटलं असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे दिवसभर त्या खोलीत बसून माझा जीव गुदमरला होता आणि काहीतरी वाचायला मिळणार होतं.

सहाव्या दिवशी दुपारी मी बाबांची फाइल काढली. निवेदनाची छापील प्रत वर होती. तिच्याखाली बाबांनी हाताने लिहिलेला कच्चा खर्डा, आणि त्याच्याखाली यादीचा खर्डा. खोली नंबर, कामगाराचं पूर्ण नाव, कारखान्यातला हजेरी क्रमांक, घरातली माणसं. एकशे बारा ओळी. आणि शेवटी एकशे तेरावी: 'पंपाजवळची खोली – कँटीनच्या मावशी.' हजेरी क्रमांकाच्या रकान्यात रेघ. घरातली माणसं: एक.

ती ओळ लाल शाईने खोडली होती. पट्टी लावून, सरळ. बाबा चूक दुरुस्त करायचे तेव्हा अशीच पट्टी लावायचे.

मी छापील प्रत उघडली. पाचव्या पानावर वाक्य होतं: 'कॉलनीत राहणारी सर्व कुटुंबे सोबतच्या यादीत आहेत.' यादीत एकशे बारा होती.

मी तशीच खाली काकांकडे गेले. सुतकात कुणाच्या घरी जाऊ नये, म्हणून दाराबाहेर उभी राहिले आणि त्यांना हाक मारली. यादीचा कागद पुढे केला. त्यांनी बघितलं आणि लगेच आतल्या बाजूला कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं.

"हो, काढली. मंडळाच्या वकिलाने सांगितलं."

"बाबांनी काढली?"

"आम्ही दोघांनी. तो नको म्हणत होता आधी. मग वकिलाने समजावलं. मावशी कारखान्याची नव्हती गं. कंत्राटदाराची. कागदावर कारखान्याचा आणि तिचा काही संबंध नाही. तिचं नाव घातलं की मालक म्हणणार, बघा, ज्याला त्याला घर पाहिजे, उद्या दूधवाला येईल. एका नावापायी एकशे बारा घरांचा हक्क कच्चा होतो."

"मग वाक्य तरी बदलायचं. 'कायम कामगारांची सर्व कुटुंबे' असं."

"आता? निवेदन दिल्लीला पोचलंय. छापलंय तेच वाचायचं. तू तिथे शब्द बदललास की ते विचारणार, का बदललात?" त्यांचा आवाज खाली आला. "हे बघ, मला काय ती परकी आहे? तिच्या हातची भजी खाऊन आम्ही ओव्हरटाइम केला. पण सगळ्यांची वाट लावून एकीचं भलं करायचं, हे मला नाही जमत."

मी वर आले. अकराचा डबा घासून दाराशी पालथा ठेवला होता, मावशी संध्याकाळी तो न्यायची. त्या डब्याकडे बघताना मला एक गोष्ट आठवली, जी मी पस्तीस वर्षांत एकदाही आठवली नव्हती.

मावशीचा नवरा गेला तेव्हा मी अकरावीत होते. तापाचं निमित्त होऊन गेला. मी कागद घेतला, वही मांडीवर ठेवली आणि थांबले. पाळी कुठल्या नंबरापासून लावायची? ज्या खोलीला नंबर नाही तिच्या पुढची खोली कुठली? मी कुणाला तरी विचारणार होते. बाबांना बहुतेक. पण बाबा कारखान्यात रात्रपाळीवर होते, आणि मला दुसऱ्या दिवशी परीक्षा होती. कागद तसाच वहीत राहिला. फळ्यावर चिठ्ठी लागली नाही. चिठ्ठी नाही म्हणून कुणी डबा नेला नाही. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. प्रत्येक घर चिठ्ठीची वाट बघत होतं, आणि चिठ्ठी लिहिणारी भूगोल पाठ करत होती. तिसऱ्या दिवशी मावशी कँटीनमध्ये कामावर होती, हे मात्र मला आठवतं, कारण बाबा घरी येऊन म्हणाले होते, "आज उसळ खारट झाली होती."

बाबांनी ती ओळ खोडताना पट्टी लावली. मी तर ती लिहिलीच नव्हती.

मधले दोन दिवस मी निवेदन वाचत राहिले. पाचव्या पानापर्यंत नीट यायचे आणि त्या वाक्याशी अडखळायचे. मावशी रोज आली. तिला काही सांगावं, काही विचारावं, असं मनात यायचं. ती पाण्याचा तांब्या पुढे करायची आणि मी पाणी प्यायचे.

नवव्या दिवशी सकाळी आम्ही रिक्षाने निघालो. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, खिशाला कारखान्याचा जुना बिल्ला लावला होता. पवईच्या चढावर रिक्षा वाहनांच्या रांगेत अडकली, तेव्हा ते म्हणाले, "काही विचारलं तर मी बोलीन. तू वाच आणि थांब."

"खोटं विचारलं तर?"

"खोटं कुणी विचारत नाही. खोटं सांगतात." मग तेच हसले, पण हसू टिकलं नाही.

सभागृहात एसी इतका होता की माझे हात गार पडले. घोड्याच्या नालेसारख्या टेबलाभोवती दहा-बारा सदस्य बसले होते. प्रत्येकापुढे माईक, पाण्याची बाटली आणि निवेदनांचा गठ्ठा. एक अधिकारी येऊन आम्हाला सांगून गेला की ही अनौपचारिक चर्चा आहे. इथे बोलाल त्याची टिपणं होतील, पण समिती शेवटी लेखी निवेदनावर विचार करते. दहा मिनिटांनंतर घंटी वाजेल.

आमच्या आधीच्या लोकांना सातव्या मिनिटाला थांबवलं होतं. काका पुटपुटले, "भरभर वाच."

मी वडील गेल्याचं सांगितलं नाही. काकांनी दोनदा माझ्याकडे बघितलं. मी पहिलं पान वाचायला घेतलं; अध्यक्षांच्या कानाशी एक अधिकारी त्याचं हिंदी करून सांगत होता. बाबांचं मराठी साधं होतं. 'आम्ही या जागेवर तीन पिढ्या राहिलो. कारखाना गेला, पण आमची मुलं इथल्याच शाळेत शिकली.' वाचताना बाबा कुठे श्वास घेतील ते मला कळत होतं. एक सदस्य मान खाली घालून फोनमध्ये बघत होते, त्यांनी तिसऱ्या पानाला मान वर केली. टेबलाच्या टोकाला बसलेल्या एक बाई, पांढरे केस, साधी सुती साडी, पेन हातात घेऊन ऐकत होत्या.

पाचवं पान आलं. 'कॉलनीत राहणारी सर्व कुटुंबे सोबतच्या यादीत आहेत.' मी ते वाक्य वाचलं. जसं होतं तसं, पूर्ण. मला वाटलं होतं मी अडखळेन, आणि न अडखळता वाचून झालं याचीच मला भीती वाटली.

घंटीच्या आधी संपलं. अध्यक्षांनी हिंदीत आभार मानले, दोन प्रश्न विचारले, काकांनी उत्तरं दिली. चांगली दिली. आम्ही कागद गोळा करू लागलो, तेव्हा टोकाच्या बाई मराठीत म्हणाल्या, "एक मिनिट. मी कामगार वस्तीतच वाढले, म्हणून विचारते. अशा वसाहतींत कंत्राटी माणसंही राहत असतात. माळी, सफाईवाले, कँटीनवाले. तुमच्याकडे यादीबाहेर राहणारं कुणी आहे का?"

प्रश्न माझ्याकडे बघून विचारला होता. काकांचा गुडघा टेबलाखाली माझ्या गुडघ्याला लागला.

"नाही म्हण," ते ओठ न हलवता म्हणाले.

माईकचा लाल दिवा लागलेला होता. त्यांचं बोलणं त्यात गेलं की नाही, मला अजून माहीत नाही.

"आहे," मी म्हटलं. "एक."

काकांनी खुर्ची मागे सरकवली. त्या आवाजाने सगळे आमच्याकडे बघू लागले.

"कोण?"

"कँटीनमध्ये स्वयंपाक करायच्या. कंत्राटदाराकडे. चाळीसएक वर्षं राहतात. आमच्या पाण्याचा पंप त्याच चालवतात."

बाईंनी पेन टेकवलं. "नाव काय त्यांचं?"

मी तोंड उघडलं आणि माझ्याकडे नाव नव्हतं.

मावशी. मी लहान होते तेव्हा मावशी, आई होती तोवर तीही म्हणायची मावशी, बाबांनी यादीत लिहिलं तेही मावशी. नऊ दिवस मी तिच्या हातचं खात होते. एकशे बारा माणसांची नावं, वडिलांच्या नावासकट, मी न बघता सांगितली असती. मी काकांकडे बघितलं. त्यांच्याही चेहऱ्यावर तेच होतं. रागाच्या मागे, तेच.

"आम्ही… मावशी म्हणतो," मी म्हटलं.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

अध्यक्षांनी यादीवर बोट ठेवून विचारलं, "तो आपकी सूची अधूरी है?"

काका उभे राहिले. "साहेब, सूची पूरी है. वो बाई कंपनी की नहीं थी. ये लडकी का बाप गुजर गया है, आज नौवा दिन है, उसका ध्यान नहीं है."

शेवटी ते सांगितलं गेलंच. माझ्यासाठी नव्हे, माझ्याविरुद्ध. अध्यक्षांनी माझ्याकडे सहानुभूतीने बघितलं, आणि मला कळलं की आता माझ्या 'आहे'ला काही वजन राहिलेलं नाही. पण अधिकारी वाकून म्हणाला, "दुरुस्ती असेल तर पंधरा दिवसांत लेखी पाठवा. मंडळाच्या लेटरहेडवर, शिक्का आणि पदाधिकाऱ्याची सही. बोललेलं धरता येत नाही." आणि पुढच्या लोकांना बोलावलं.

परतीच्या रिक्षात, गांधीनगरच्या पुलाशी, काकांनी शर्टावरचा बिल्ला काढून खिशात टाकला.

"एकशे बारा घरांच्या डोक्यावर धोंडा घातलास," मग ते म्हणाले. "आणि स्वतःला काय समजतेस? पुस्तकं वाचली म्हणून? तुझ्या बापाला कळत नव्हतं का?"

"कळत होतं. म्हणून पट्टी लावून खोडली."

"मेलेल्या माणसाला बोलू नकोस."

"मी त्यांना नाही बोलत, काका."

त्यांनी तोंड फिरवलं. कॉलनीच्या फाटकाशी उतरताना म्हणाले, "सही माझी लागणार. मी देणार नाही."

शिक्का माझ्याकडे होता. बाबांच्या कपाटात, लेटरहेडच्या गठ्ठ्यावर. बाबांची सही मला हुबेहूब येते. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर मी ती दोनदा केली होती. ते सगळं कपाटात आहे हे मला माहीत होतं, आणि त्या दिवशी मी कपाट उघडलं नाही. उघडलं असतं तर काय केलं असतं, सांगता येत नाही.

मावशी डबा घेऊन पंपाच्या दाराशीच उभी होती. बातमी माझ्या आधी पोचली होती. काकांनी रिक्षातून उतरल्या उतरल्या दोघातिघांना सांगितली होती, आणि कॉलनीत तेवढं पुरतं.

"मावशी, तुमचं पूर्ण नाव काय?" मी विचारलं.

तिने डबा खाली ठेवला. इतक्या वर्षांत तिचा चढा आवाज मी ऐकला नव्हता.

"तुका कोणी सांगल्यान थंय माजी गोष्ट काढूक? माका इचारलंस?"

तिने उंबऱ्याकडे बोट दाखवलं.

"तुजो बापूस माज्या दाराक इललो. हयच बसलो. म्हणालो, मावशी, तुजा नाव काढूचा लागतला. मी म्हटलंय, काढा. माका ठावक आसा माजा काय ता. यादीत नाव नाय तर हाकलूक पण कोण येवचो नाय. बिल्डिंग पाडतीत तेवा बगूया. तोवर मी हय गप ऱ्हवतलंय. आता तू दिल्लीवाल्यांका सांगलंस, पंपाकडे एक म्हातारी ऱ्हवता. उद्या कोण इलो तर पयला कोणाक भायर काढतीत?"

बाबा येऊन सांगून गेले होते. तिला ठाऊक होतं. आणि तरी ती बाबा गेल्यावर पहिल्या दिवसापासून अकराच्या ठोक्याला डबा आणत होती. मला तिच्या बाजूने बोलायचं होतं, पण त्यातही तिला विचारायचं राहिलं. चिठ्ठीच्या वेळी नंबर नव्हता म्हणून राहिलं होतं. आता निमित्तसुद्धा नव्हतं.

"मावशी, चुकलं माझं," मी म्हटलं. "आणि ते एकदाच नाही. तुमचे यजमान गेले तेव्हा चिठ्ठी लावायची माझ्याकडून राहिली."

मी कुठल्या चिठ्ठीबद्दल बोलतेय ते समजायला तिला बहुतेक वेळ लागला. मग म्हणाली, "ता माका म्हायत आसा." आणि डबा माझ्या हातात देऊन आत गेली. दार लावून घेतलं.

दहाव्याला चेंबूरच्या चुलतभावाने विधी केले. अकरावा गेला, बारावा गेला. दोन्ही दिवस डबा आला नाही. पाळी दहाव्याला संपली होती, त्यामुळे न येण्यात तसं गैर काही नव्हतं. नळाला पाणी मात्र वेळेवर येत होतं. पहाटे पंपाची घरघर ऐकून मी उठून बसायचे आणि वाटायचं, उद्या कुणी हिला खरंच खोलीतून काढायला आलं तर ते माझ्या एका शब्दामुळे.

तेराव्याला गोडाचं जेवण. ज्यांनी दहा दिवस जेवण दिलं त्या सगळ्यांना बोलवायचं असतं. लोक येतील की नाही याची मला खात्री नव्हती. जिन्यात बायका मला बघून बोलणं थांबवत होत्या. एकीने तर तोंडावर विचारलं, "आमचं घर गेलं तर तुझ्या ग्रंथालयात राहायला येऊ का?" स्वयंपाकाला मी बाहेरचा आचारी सांगणार होते. सकाळी सातला मावशी दारात उभी राहिली, कमरेला पदर खोचून.

"किती मानसां?" तिने विचारलं. आणखी काही नाही.

लोक आले. निम्मेच, पण आले. काका सगळ्यांत शेवटी आले. मित्राच्या तेराव्याला न येणं त्यांना जमणारं नव्हतं. ते जेवले, खाली बघत. वरण-भात, भाजी, खीर. दुसऱ्यांदा खीर घेतली. मावशी वाढत होती.

माणसं पांगली. काका हात धुऊन फोटोसमोर बसले. मी दुरुस्तीचा कागद तयार केला होता. लेटरहेडवर, दोनच वाक्यं, नावाची जागा कोरी. तो मी कपाटातच ठेवला होता. मावशीने हो म्हटल्याशिवाय काढायचा नाही असं ठरवलं होतं. काकांनीच विषय काढला.

"शिक्का तुझ्याकडे आहे ना?"

"आहे."

"मग मारला का नाहीस? सहीपण येते तुला त्याची. मला माहीत आहे, प्रगतिपुस्तकाचं त्याने मला सांगितलं होतं."

"सही तुमची लागते, काका. आणि त्याआधी मावशीला विचारायला लागतं."

मावशी स्वयंपाकघरात पातेली घासत होती. घासणं थांबलं. ती हात पुसत बाहेर आली आणि चोळीतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी काढलं. कारखान्याचा फाटकावरचा पास. वर कंत्राटदाराचं नाव, खाली ठसठशीत अक्षरांत 'तात्पुरता'. तरुण मावशीचा फोटो, डोळे ताणून उघडलेले. आणि पूर्ण नाव. तिचं, नवऱ्याचं, आडनाव.

तिने तो पास माझ्यापुढे नाही, काकांपुढे ठेवला.

"दोन दिस इचार केलंय," ती म्हणाली. "गप ऱ्हवान माका काय गावला? नवरो गेलो, कोण इला नाय. यादी झाली, माजा नाव गेला. गप ऱ्हवलंय म्हणान हाकलूचे ऱ्हवतीत, असा थोडाच आसा. लिवा. पन नीट लिवा. मावशी म्हणान लिवा नको."

काकांनी पास उचलला, चष्मा वर करून बघितला. "तात्पुरता," ते म्हणाले. "चाळीस वर्षांचा." मग मला म्हणाले, "आण कागद."

मी नाव लिहिलं. माझ्या चांगल्या अक्षरात, पासावर बघून, एक एक अक्षर. काकांनी दोन्ही वाक्यं वाचली, पुन्हा वाचली. माझ्याकडून पेन घेतलं आणि सहीच्या वर स्वतःच्या हाताने एक ओळ घातली: 'ही माहिती खरी आहे. मंडळाच्या मूळ मागणीस यामुळे बाधा येऊ नये, असे माझे वैयक्तिक मत आहे.' मग सही केली.

"एवढं मला लिहू दे," ते म्हणाले. "कॉलनीत तोंड दाखवायचंय मला."

शिक्का मी मारला. शाई सुकली होती, दुसऱ्यांदा दाबावा लागला. एकावर एक दोन वर्तुळं उमटली, बाबांना ते चाललं नसतं.

कागद दुसऱ्या दिवशी रजिस्टर पोस्टाने गेला. मुदतीच्या आत पोचला. पोच म्हणून दोन ओळींचं पत्र आलं आहे, दुरुस्ती मिळाली एवढंच त्यात लिहिलं आहे. समितीचा अहवाल अजून यायचा आहे. इमारती उभ्या आहेत. कॉलनीतली तीन-चार घरं माझ्याशी बोलत नाहीत, आणि त्यांचं भय खोटं आहे असं मला म्हणता येत नाही. मावशीच्या दारात अजून कुणी आलेलं नाही. रोज पहाटे पंप लागला की मी आधी तो आवाज ऐकते आणि मग उठते.

तिचं नाव मी इथे लिहीत नाही. ते तिने एका कागदापुरतं दिलं होतं, आणि या वेळी मी विचारलं तेव्हा ती नको म्हणाली.

बाबांच्या फाइलमधली यादी मी टाकून दिली नाही. लाल रेघही तशीच आहे. मी फक्त नवी प्रत केली, एकशे तेरा ओळींची, आणि ती त्यांच्या यादीच्या मागे लावून ठेवली.